माझ्या नावावरची ती ओळ

सुरुवात डाव्या बुटापासून झाली. कॉलेजच्या लायब्ररीच्या जिन्यात तो पायातून निघाला आणि मी दोन पायऱ्या तशीच चढले. मागून येणाऱ्या बाई म्हणाल्या, "मिस, तुमचा बूट." मी खाली पाहिलं तेव्हा दिसलं की माझा मोजा थंड फरशीला टेकलाय. पायाला ते कळलं नव्हतं.

चौऱ्याऐंशी सालचा ऑक्टोबर होता. मी तेवीस वर्षांची. नागपूरहून येऊन वर्ष झालं होतं आणि न्यू जर्सीतल्या एका कॉलेजात कॉम्प्युटर सायन्सचं मास्टर्स करत होते. दोन दिवसांनी मला बशीतला चमचा उचलता येईना. तिसऱ्या दिवशी बाबांचे मावसभाऊ अरुणकाका जर्सी सिटीहून आले आणि मला गाडीत घालून हॉस्पिटलात घेऊन गेले. वाटेत त्यांनी तीनदा विचारलं, "काल बाहेर काय खाल्लं होतंस?"

डॉक्टरांनी छोट्या हातोडीने माझ्या गुडघ्यावर टक केलं. गुडघा उडाला नाही. त्यांनी पुन्हा टक केलं. मला त्या गुडघ्याची लाज वाटली, वर्गात उत्तर न आल्यासारखी. मग ते पलंगाच्या कडेला बसले आणि म्हणाले, ह्याला गियाँ-बारे म्हणतात. शरीराची संरक्षणव्यवस्था चुकून स्वतःच्याच नसांवर उलटते. अशक्तपणा वर चढत जाईल, कदाचित श्वासापर्यंत. मग थांबेल. मग हळूहळू सगळं परत येईल. "मोस्टली."

पुढचे सात आठवडे मी छताकडे पाहत त्या 'मोस्टली'चा विचार करत होते.

बाहेर कॉरिडॉरमध्ये काका डॉक्टरांना म्हणाले, "तिला आणखी काही सांगू नका. जे असेल ते मला सांगा." डॉक्टर म्हणाले, "पेशंट ती आहे. ती तेवीस वर्षांची आहे." दार उघडं असल्यामुळे मी दोघांचं ऐकलं. खरं सांगायचं तर मला काकांचं पटलं. कुणीतरी माझ्याऐवजी ऐकून घेतंय, ह्याचं बरंच वाटलं. पुढे जे झालं त्यात हा माझा वाटा होता, म्हणून तो आधीच लिहून ठेवते.

*

हॉस्पिटलातला दिवस नळीत फुंकर मारण्याने सुरू व्हायचा. दर चार तासांनी नर्स एक नळी तोंडात द्यायची आणि माझ्या श्वासाचा आकडा लिहून घ्यायची. आकडा फार खाली गेला तर घशात नळी घालून मशीनला जोडणार होते. सहाव्या दिवसापर्यंत तो उतरत गेला. मी देवाचं नाव घेतलं नाही, आकडे मोजले. सातव्या दिवशी तो तिथेच थांबला. आठव्या दिवशीही तिथेच. माझ्या डॉलोरेस नावाच्या नर्सने कागद माझ्या डोळ्यांसमोर धरला आणि म्हणाली, "बघ, हट्टी मुलगी आहेस तू."

मला आजवर कुणी हट्टी म्हटलं नव्हतं. मी शाळेत सिस्टरांना 'येस सिस्टर' म्हणणारी, मागच्या बाकावर बसून सगळं पाहणारी मुलगी. तो शब्द मी जपून ठेवला.

सुमनकाकू, म्हणजे काकांची बायको, एका मोठ्या दुकानात कपडे अल्टर करायच्या. सुटल्यावर रोज दोन बस बदलून यायच्या आणि थर्मासातला दहीभात मला भरवायच्या. शेजारच्या पलंगावरच्या आजींच्या टीव्हीवर सतत निवडणुकीच्या बातम्या चालू असायच्या. काकू त्या टीव्हीकडे पाठ करून बसायच्या आणि डॉलोरेसला माझ्या वेणीचे पेड कसे घालायचे ते शिकवायच्या. डॉलोरेसची वेणी घट्ट यायची. त्या दिवसांत माझ्या अंगाला नीट जाणवणारी तेवढी एकच गोष्ट होती.

नागपूरला काकांनी माझ्या नावाने पत्र लिहिलं: थोडा अशक्तपणा आहे, काळजी नसावी. मी त्यांना ते लिहू दिलं.

*

डिसेंबरात मी चाकाच्या खुर्चीतून काकांच्या घरी आले. आधी अंगठा परतला, मग मनगट, मग उजवा पाय. डावं पाऊल तेवढं मागे राहिलं. त्याला अजून घोटा सावरणारा प्लास्टिकचा ब्रेस लागतो. शिक्षण एका सेमिस्टरने लांबलं, पण पूर्ण झालं. शहाऐंशीच्या जानेवारीत व्हर्जिनियात हर्नडनला मला प्रोग्रामरची नोकरी लागली.

ऑफिस हायवेलगत होतं. फूटपाथ नव्हता. बसस्टॉप मैलभर लांब. मी बर्फ पडलेल्या गवतावरून चालत जायची आणि ब्रेसमध्ये पाणी शिरायचं. एकदा पडले, तर दहा-बारा गाड्या गेल्या आणि मी कुबडीसारखा एका पाटीचा खांब धरून उठले. मला गाडी हवी होती. हौस म्हणून नाही. नोकरी टिकवायची तर दुसरा मार्गच नव्हता. फिजिओथेरपिस्टने बजावलं होतं की डाव्या पायावर असाच ताण पडत राहिला तर मिळालंय तेही जाईल. उजवा पाय चांगला होता आणि ऑटोमॅटिक गाडीला तेवढा पुरतो.

मी बँकेत कर्जाचा अर्ज केला. दहा दिवसांनी पत्र आलं. छापील यादीतल्या एका कारणापुढे खूण होती: अर्जदाराच्या क्रेडिट फाइलमध्ये कलेक्शनला, म्हणजे वसुलीवाल्यांकडे, गेलेलं खातं.

माझ्याकडे क्रेडिट कार्डसुद्धा नव्हतं. मला वाटलं, दुसरीच कुणीतरी असेल.

पत्रात लोकांच्या कर्जफेडीची फाइल ठेवणाऱ्या ब्युरोचा पत्ता होता आणि बारीक अक्षरात लिहिलं होतं की कर्ज नाकारलं गेलं असेल तर तीस दिवसांत मागितल्यास रिपोर्ट फुकट मिळतो. तो आला. एकच पान, ठिपक्याठिपक्यांचं प्रिंटिंग. वृंदा मोघे. खाली काकांचा जर्सी सिटीचा पत्ता. त्याखाली एकच ओळ: कलेक्शन एजन्सीचं नाव, मेडिकल, सहाशे चाळीस डॉलर. आणि शेवटी: 'पेड'.

म्हणजे कुणीतरी माझं न पाहिलेलं देणं मला न सांगता फेडलं होतं. आणि फेडूनही ते माझ्या नावावर तसंच होतं.

*

मी रविवारी सकाळी फोन केला.

"काका, माझ्या नावावरचे सहाशे चाळीस डॉलर कुणी भरले?"

तिकडे स्वयंपाकघरातला दुसरा फोन उचलल्याचा आवाज आला. काकू म्हणाल्या, "अगं, ते केव्हाच मिटलंय. तू कशाला त्या भानगडीत पडतेस?"

"मिटलं असतं तर मला गाडी मिळाली असती, काकू."

"कोण म्हणतं मिळणार नाही?"

"बँक म्हणते."

मग काका बोलले. मागच्या उन्हाळ्यात त्यांच्या ऑफिसात फोन आला होता. समोर त्यांचा बॉस बसलेला. फोनवरचा माणूस म्हणाला, तुमची पुतणी डॉक्टरांचे पैसे बुडवून पळतेय. "मी लंच अवरमध्ये जाऊन मनीऑर्डर केली, वृंदा. आपल्या घरातल्या मुलीबद्दल असं कुणी बोलायचं म्हणजे काय? एक दिवस ठेवलं नाही मी ते."

"पण बिल खरं होतं का, ते विचारलंत?"

"मागितलं ना त्यांनी," काका म्हणाले.

पुढच्या शनिवारी मी बसने जर्सी सिटीला गेले. काकूंनी साइडबोर्डचा खालचा ड्रॉवर उघडला. टेबलक्लॉथच्या घडीखाली रबरबँड लावलेली नऊ पाकिटं होती. सात फोडलेलीच नव्हती.

"काकू, हे काय?"

"तुला तेव्हा नाकावरची माशी हाकलता येत नव्हती," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला होता. "तुझ्या उशाशी बसून बिलं वाचून दाखवायची होती मी? आजारी माणसाला असलं काही दाखवतात? ठेवली बाजूला. नंतर बघू म्हटलं. नंतर तू चालायला लागलीस, त्या आनंदात राहून गेलं."

आमच्या घरात तरी कुणी वेगळं काय केलं असतं?

मी टेबलाशी बसून एकेक पाकीट फोडलं. हॉस्पिटलचं बिल कॉलेजच्या विम्याने भरलं होतं. पण नसांची तपासणी करणारे डॉक्टर हॉस्पिटलचे नव्हते. त्यांचं ऑफिस त्याच इमारतीत असलं तरी बिल वेगळं होतं. त्यांच्या बिलासाठी विमा कंपनीने मला एक फॉर्म पाठवला होता. प्रश्न तीन: हा आजार पूर्वी झाला होता का? हा अपघात होता का? दुसरा विमा आहे का? खाली सही. नव्वद दिवसांत न आल्यास क्लेम बंद.

नाही, नाही, नाही. माझा तेव्हा अंगठासुद्धा हलत नव्हता, पण 'नाही' मला म्हणता येत होतं.

काकू समोर बसून माझ्याकडे पाहत होत्या. मग समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "एवढं काय घेऊन बसलीस? उद्या लग्न होईल. नाव बदलेल, आडनाव बदलेल. वृंदा मोघे राहणारच नाहीस. शोधू देत मग त्यांना. माझंच बघ, मी माहेरची कुसुम. कुसुमच्या नावावर काय होतं, आता कुणाला माहीत?"

"काय होतं, काकू?"

त्या हसल्या. "फर्स्ट क्लासचं बी.ए. होतं. इथे आल्यावर एका ऑफिसात दाखवलं. ते म्हणाले, ही कुसुम कोण? पासपोर्टवर तर सुमन." आणि त्या उठून चहा टाकायला गेल्या.

असल्या फाइली नुसत्या नावाने लागत नाहीत, सोशल सिक्युरिटी नंबरानेही लागतात, हे मला नंतर कळलं. तेव्हा ते माहीत असतं तरी फरक पडला नसता. त्या टेबलाशी मी ठरवलं की मी नाव सोडून जाणार नाही. ओळ जाईल.

*

फोनवर बोलायची मला भीती वाटते. म्हणून प्रत्येक फोनच्या आधी मी काय बोलायचं ते कागदावर लिहून काढायची, समोरचा काय म्हणेल तेही लिहायची. पब्लिक लायब्ररीत कर्जवसुलीच्या कायद्याची सरकारी पुस्तिका फुकट मिळाली. ती दोनदा वाचली. आयुष्यभर फॉर्म आणि नियम वाचत आलेल्या मुलीला हे तरी जमायला हवं होतं.

आधी ब्युरोच्या ऑफिसात गेले. काउंटरवरचा माणूस सभ्य होता. म्हणाला, "आम्ही एजन्सीला विचारू." महिन्याने उत्तर आलं: माहिती बरोबर आहे. मी पुन्हा गेले. तो म्हणाला, "तुम्ही फाइलला शंभर शब्दांचं निवेदन जोडू शकता. तुमची बाजू."

घरी येऊन मी ते लिहायला बसले. बूट, चमचा, हातोडी, ड्रॉवर. चौऱ्याण्णव शब्द झाले. वाचून पाहिले आणि फाडून टाकले. मला माझी बाजू जोडायची नव्हती. माझ्या आजाराची कहाणी सांगून एका अनोळखी बँक मॅनेजरची दया कशाला मिळवायची? ओळ चूक होती. चुकीच्या शेजारी स्पष्टीकरण ठेवलं तर चूक तिथेच राहते.

मग एजन्सीला फोन केला.

"पैसे भरलेत ना, हनी," तिथला माणूस म्हणाला. "मग खूश राहा. सात वर्षांनी आपोआप जाईल. कायदाच आहे तसा."

हे वाक्य माझ्या कागदावर होतं. त्यापुढचं मी वाचलं: "नोंद कायद्याने सात वर्षांपर्यंत ठेवता येते. ठेवलीच पाहिजे असं कुठे लिहिलंय?"

"तुम्ही वकील आहात का?"

"नाही. आणखी एक. माझ्या देण्याबद्दल तुम्ही माझ्या काकांना का सांगितलंत?"

"त्यांनीच विचारलं."

"त्यांनी विचारलं तरी तुम्हाला सांगता येत नाही. मी हे पत्राने कळवतेय, एक प्रत सरकारी तक्रार विभागाला."

फोन ठेवला तेव्हा माझ्या काखा घामाने ओल्या झाल्या होत्या. पण पत्र त्याच दिवशी गेलं, रजिस्टर्ड. उत्तर आलं: ज्या डॉक्टरांनी खातं पाठवलं ते मागे घेत असतील तर आमची हरकत नाही.

म्हणजे मुळाशी जायला हवं होतं. हातोडीवाल्या डॉक्टरांना लिहिलं. त्यांनी दोन ओळींचं पत्र दिलं: त्या काळात पेशंटला दोन्ही हातांनी काहीही करणं शक्य नव्हतं. ते जोडून मी विमा कंपनीला फॉर्म पाठवला, तीन वेळा 'नाही' लिहून, खाली माझी नवी, जरा तिरकी सही करून. जूनमध्ये त्यांनी क्लेम पुन्हा उघडला. जुलैत पैसे भरले.

राहिलं ते नसा तपासणाऱ्या डॉक्टरांचं बिलिंग ऑफिस. तिथे फोन करून भागेना. मी एक दिवसाची रजा टाकून गेले. खिडकीमागच्या बाईंनी फाइल काढली, विम्याचे पैसे आलेले पाहिले आणि म्हणाल्या, "काकांचे सहाशे चाळीस परत पाठवू. पण कलेक्शनचं आम्ही काय करणार? किती बिलं पाठवली. आम्हाला वाटलं तू देश सोडून गेलीस. फॉरेन स्टुडंट्स जातात."

हे मात्र मी कागदावर लिहून नेलं नव्हतं.

मी खिडकीपासून एक पाऊल मागे सरकले आणि पँटचा पाय वर केला, ब्रेस दिसेपर्यंत. मागे चार-पाच माणसं बसली होती. एरवी मी लाजेने मेले असते. "मी कुठे गेले नव्हते," मी म्हटलं. "मी वरच्या मजल्यावर होते. ह्याच इमारतीत. सात आठवडे. तुमचे डॉक्टर लिफ्टने वर येऊन मला सुया टोचून जायचे. तुम्ही बिल जर्सी सिटीला पाठवत होतात."

बाई माझ्या पायाकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी टाइपरायटरवर लेटरहेड चढवलं.

"काय लिहू?" त्यांनी विचारलं.

"विम्याने भरायचं खातं चुकीने कलेक्शनला पाठवलं गेलं. ते मागे घेत आहोत. नोंद काढून टाकावी."

त्यांनी तसंच टाइप केलं. खाली आपलं नाव, आणि मी न मागता कार्बनची प्रत मला दिली. "माझ्या बहिणीला असं झालं होतं," त्या म्हणाल्या. "तिने सोडून दिलं."

*

सप्टेंबरात ब्युरोचं पाकीट आलं. वृंदा मोघे. पत्ता. खाली काही नाही. मी ते रिकामं पान बराच वेळ वाचत होते. 'पेड' नव्हतं, 'सेटल्ड' नव्हतं. जणू कधी काही झालंच नव्हतं. आणि झालं तर होतं, माझ्या पायात होतं. पण ते माझं होतं. त्यांच्या फाइलीत त्याचं काही काम नव्हतं.

आज जे कुणी अंथरुणात असतील त्यांना माझं एवढंच सांगणं आहे: तुमच्या नावाचं पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा. धरता येत नसेल तर कुणीतरी धरावं, वाचता येत नसेल तर कुणीतरी वाचावं. ऐकून भीती वाटेल. मलाही वाटली असती. पण मी रोज स्वतःच्या श्वासाचा आकडा ऐकत होते. त्यापुढे सहाशे चाळीस हा काही भीतीदायक आकडा नव्हता. आणि वसुलीचा फोन आला तर घरच्यांनी अब्रूपायी लगेच पैसे भरू नयेत. आधी बिल कशाचं ते लेखी मागा. भरून टाकलं म्हणजे पुसलं गेलं, असं इथे नसतं.

ऑक्टोबरात बँकेने होकार दिला. मी एक जुनी तपकिरी गाडी घेतली आणि पहिल्याच शनिवारी जर्सी सिटीला गेले. काकांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, टायर दाबून पाहिले. डॉक्टरांकडून परत आलेला चेक त्यांनी अजून वटवला नव्हता. तो माझ्यापुढे धरून म्हणाले, "पेट्रोलला ठेव." मी तो त्यांच्या खिशात परत घातला.

जेवताना काकूंनी एक पाकीट माझ्या ताटाशेजारी ठेवलं. "तुझ्या नावाचं आलंय. परवाच आलं. फोडलं नाही, पण ड्रॉवरमध्येही टाकलं नाही हं." कॉलेजचं वर्गणी मागणारं पत्र होतं. आम्ही तिघंही हसलो.

मग काकूंनी वरण वाढता वाढता विषय काढलाच. त्यांच्या ओळखीत सांता क्लाराचा एक मुलगा होता, इंजिनियर, घरची माणसं चांगली. "फक्त त्यांच्याकडे नाव बदलायची पद्धत आहे," त्या म्हणाल्या. "पहिलंसुद्धा."

"मग नको," मी म्हटलं.

"अगं, आधी फोटो तरी बघ!"

"फोटो बघते, काकू. पण नाव राहील. सहा महिने घासून लख्ख केलंय. आता ते मीच वापरणार."

काका ताटाकडे पाहत होते. काकूंनी माझ्या भातावर आणखी एक पळी वरण घातलं आणि काकांना म्हणाल्या, "ऐकलंत? मुलाकडच्यांना तसं आधीच सांगा. नंतर कुरकुर नको."